बरणीतली वीज आणि बेंजामिन फ्रँकलिन

हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी हौशी मेकॅनिक असतोच. कोणाचा डीव्हीडी प्लेयर डिस्क वाचत नाही, कोणाचे स्पीकर घुर्रऽऽ करतात, कोणी जुन्या बाजारातून उचललेला अ‍ॅम्प्लिफायर चालूच होत नाही. लगेच हाक जाते, आणि हा गडी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर! दोन मिनिटांत झाकण बाजूला, चार डोकी भोवती गोळा, गप्पा सुरू. कोणी जपून म्हटलंच, तर ठरलेलं उत्तर मिळतं, की प्लग काढलेला आहे, आता काय होणार?

काय होणार याचं उत्तर पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका फार हुशार माणसाला मिळालं होतं. त्याच्याही भोवती मंडळी जमली होती, गप्पा रंगल्या होत्या, आणि त्याच्याही समोरच्या वस्तूला त्या क्षणी कुठलाच सप्लाय जोडलेला नव्हता. तो माणूस म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. आपल्याला तो पतंगवाला म्हणून शाळेपासून माहीत आहे. पण हातात टेस्टर धरणाऱ्या प्रत्येकाने त्याचं आयुष्य जरा वेगळ्या बाजूने वाचावं, म्हणून हा लेखप्रपंच.

साबणवाल्याचा मुलगा

17 जानेवारी 1706 रोजी बोस्टनमध्ये फ्रँकलिनचा जन्म झाला. वडील मेणबत्त्या आणि साबण तयार करणारे. घरात सतरा मुलं, त्यातलं हे पंधरावं! शाळा कशीबशी दोन वर्षं झाली. दहाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली आणि बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी. भावाचं आणि त्याचं पटेना, तेव्हा सतराव्या वर्षी, म्हणजे 1723 मध्ये, पोरगा पळून फिलाडेल्फियाला गेला. खिशात जेमतेम पैसे. पुढे पाच वर्षांत त्याच गावात त्याने भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला, मग वर्तमानपत्र चालवलं, दरवर्षी निघणारं पंचांगवजा पुस्तक काढलं, मित्रांना जमवून वर्गणीचं वाचनालय सुरू केलं. इंजिनिअरिंगची पदवी नाही, की कुठली प्रयोगशाळा नाही. शिक्षण सगळं हाताने काम करून आणि रात्री पुस्तकं वाचून.

या माणसाच्या स्वभावातली एक गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे. संकट आल्यावर धावण्यापेक्षा ते येऊच नये म्हणून आधी काय करता येईल, याचा विचार त्याच्या डोक्यात कायम चालू असे. तेव्हाचं फिलाडेल्फिया म्हणजे लाकूडकाम भरपूर आणि प्रत्येक घरात चूल. लोक पेटते निखारे फावड्यावर घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात. ठिणगी कुठे पडली कळायचं नाही, आणि रात्री घर पेटायचं. 1735 मध्ये फ्रँकलिनने यावर टोपणनावाने आपल्याच वर्तमानपत्रात लिहिलं. निखारे न्यायचेच तर झाकणाच्या भांड्यातून न्या, धुराडी वेळेवर साफ करा, असला साधा सल्ला. 7 डिसेंबर 1736 रोजी त्याने शेजारीपाजारी गोळा करून आग विझवणाऱ्यांचं एक मंडळ स्थापन केलं. प्रत्येक सभासदाने घरी चामड्याच्या बादल्या आणि सामान वाहून नेण्यासाठी पिशव्या तयार ठेवायच्या, असा नियम होता.

त्या मंडळाच्या जेमतेम दोन आठवडे आधी त्याच्या घरावर मोठा घाला पडला होता. चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीच्या साथीत गेला. त्या काळी देवी टोचण्याची जुनी पद्धत तिथे माहीत झाली होती, फ्रँकलिन स्वतः तिच्या बाजूचा होता, पण मुलाला टोचायचं राहून गेलं होतं. पुढे आयुष्यभर हे शल्य त्याला सलत राहिलं, आणि म्हातारपणी आत्मचरित्रात त्याने इतर आईबापांना शहाणं करण्यासाठी ते उघडपणे लिहिलं. काळजी घ्यायची माहिती असणं आणि ती प्रत्यक्षात घेणं यात अंतर असतं, हे या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

विजेचं वेड

चाळिशीत फ्रँकलिनला विजेने झपाटलं. 1743 मध्ये बोस्टनला त्याने एका फिरत्या व्याख्यात्याचे विजेचे खेळ पाहिले. त्यानंतर लंडनच्या पीटर कॉलिन्सन या व्यापारी मित्राने वाचनालयासाठी एक काचेची नळी पाठवली. ती घासली की स्थिर वीज तयार व्हायची. झालं! घरात रोज बघ्यांची गर्दी. 1748 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी त्याने छापखान्याचा कारभार भागीदारावर सोपवला आणि पूर्ण वेळ प्रयोगांना दिला.

याच सुमारास, 1745-46 मध्ये, युरोपात लेडनच्या बरणीचा शोध लागला होता. काचेची बरणी, आतून-बाहेरून धातूचा पत्रा किंवा आत पाणी, आणि तोंडातून आत गेलेली तार. घासून तयार केलेली वीज हिच्यात साठवून ठेवता येई. आपल्या भाषेत सांगायचं तर हा जगातला पहिला कपॅसिटर. दोन वाहक आणि मध्ये काच, बस्स!

फ्रँकलिनने या बरणीची पार चिरफाड केली. विजेला धन आणि ऋण ही नावं त्यानेच रूढ केली. अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्यावर त्या संचाला तोफांच्या रांगेवरून बॅटरी हे नाव दिलं. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट दाखवली. चार्ज केलेल्या बरणीतलं पाणी दुसऱ्या बरणीत ओतलं, तर दुसऱ्या बरणीत काहीच मिळत नाही. पहिल्या बरणीत नवं साधं पाणी भरलं, तर मात्र तिचा शॉक बसतो. म्हणजे साठवण त्या काचेत आहे. मधल्या डायइलेक्ट्रिकचं महत्त्व इथे पहिल्यांदा कळलं.

यात आपल्या कामाची गोष्ट अशी, की डायइलेक्ट्रिक आपला साठा एका झटक्यात पूर्ण सोडत नाही. मोठा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर एकदा डिस्चार्ज करून बाजूला ठेवला, तरी थोड्या वेळाने त्याच्या पायांवर पुन्हा काही व्होल्ट दिसू शकतात. म्हणून एकदा डिस्चार्ज करून चहाला जाऊ नये. आणि गेलातच, तर परत आल्यावर पुन्हा मोजावं.

23 डिसेंबर 1750

आता तो प्रसंग. नाताळ जवळ आला होता. विजेच्या झटक्याने मारलेल्या पक्ष्याचं मांस फार मऊ लागतं, असं फ्रँकलिनच्या मनाने घेतलं होतं. कोंबडीला थोडी वीज पुरे, पण टर्की हा दांडगा पक्षी. म्हणून दोन मोठ्या बरण्या चार्ज केलेल्या होत्या. साध्या चाळीस बरण्यांएवढी वीज त्यात होती, असा त्याचाच हिशोब. भोवती मंडळी उभी, बोलणं चाललेलं. बोलता बोलता त्याचा एक हात वरच्या तारांवर गेला, आणि दुसऱ्या हातात बाहेरच्या पत्र्याला जोडलेली साखळी होती. टर्कीसाठी साठवलेली सगळी वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडली!

बघणाऱ्यांना मोठा लखलखाट दिसला आणि पिस्तूल झाडल्यासारखा आवाज आला. फ्रँकलिनला यातलं काहीच दिसलं नाही की ऐकू आलं नाही. शुद्ध हरपल्यासारखं झालं, मग सगळं अंग थडथडा उडायला लागलं. दंड आणि मान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर होती. हातावर बंदुकीच्या छऱ्याएवढी गाठ आली. छातीचं हाड मार बसल्यासारखं आठवडाभर दुखत राहिलं. थोडक्यात वाचला.

आता इलेक्ट्रिकलवाल्यांनी जरा या अपघाताची चौकशी करावी. काय काय चुकलं? एक, सप्लाय नाही म्हणजे धोका नाही असं नसतं, साठवलेली वीज तशीच होती. दोन, दोन्ही हात एकाच वेळी सर्किटमध्ये होते, त्यामुळे करंटचा रस्ता सरळ छातीतून गेला. तीन, लक्ष गप्पांत होतं. चार, हात लावण्यापूर्वी बरणी रिकामी आहे की भरलेली, हे तपासलं नव्हतं. यातली एक तरी गोष्ट आपल्या रूमवर होत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का?

बरणी आजही आहे

लेडनची बरणी म्युझियममध्ये गेली असं समजू नका. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब घ्या. काचेचं नरसाळं, आतून-बाहेरून ग्रॅफाइटचा थर, म्हणजे हुबेहूब लेडनची बरणी! रंगीत टीव्हीत तिच्यावर पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो बराच काळ राहू शकतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या कपॅसिटरवर दोन हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि मागे ताकदही मोठी. तो डब्बा हौशी माणसाने उघडूच नये.

डीव्हीडी प्लेयर त्या मानाने गरीब वाटतो. पण त्याच्या आतल्या एसएमपीएस बोर्डवर घरातला 230 व्होल्ट सरळ रेक्टिफाय होतो, आणि मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी जमा होतो. बोर्ड चांगला असेल, तर प्लग काढल्यावर हा दाब हळूहळू उतरतो. पण बोर्ड बिघडलेला असेल, म्हणजे फ्यूज शाबूत आणि स्विचिंग आयसी मेलेला, तर हा साठा खर्च करायला कोणीच नसतं. नेमका बिघडलेलाच प्लेयर आपण उघडतो, हे ध्यानात घ्या!

तेव्हा पद्धत अशी. प्लग नुसता बंद न करता भिंतीतून ओढून काढून समोर दिसेल असा ठेवायचा. हातातलं घड्याळ, कडं, अंगठी काढायची. थोडा वेळ थांबायचं. मग मल्टिमीटर डीसीच्या वरच्या रेंजवर लावून कपॅसिटर मोजायचा. व्होल्टेज असेल, तर दोन किलो-ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर, पाय नीट इन्सुलेट करून, काही सेकंद जोडायचा आणि पुन्हा मोजायचं. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय वाईट. मोठी ठिणगी पडते, ट्रॅक उडतो आणि कपॅसिटरही खराब होतो. चालू बोर्डवर मोजावंच लागलं, तर मीटरची एक वायर क्लिपने आधी लावून ठेवायची, दुसरी एका हाताने टेकवायची आणि रिकामा हात खिशात. फ्रँकलिनचा दुसरा हात खिशात असता, तर छाती आठवडाभर दुखली नसती.

अजून एक गैरसमज. हॉस्टेलच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, मग भीती कशाची? आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यातला फरक बघतो. प्लग काढलेल्या कपॅसिटरचा शॉक त्याला दिसतच नाही. फेज आणि न्यूट्रल दोन हातांत धरले, तरी त्याच्या दृष्टीने आपण एक साधा बल्ब आहोत. तो हवाच, पण त्याच्या भरवशावर डोकं बंद ठेवता येत नाही.

पतंग आणि सेंट पीटर्सबर्ग

टर्कीच्या धक्क्यानंतर फ्रँकलिनने वीज सोडली नाही. आकाशातली वीज आणि बरणीतली वीज एकच आहे, हे सिद्ध करायला उंच टोकदार सळई उभारावी, असं त्याने सुचवलं होतं. 10 मे 1752 रोजी फ्रान्समध्ये मार्ली या गावी तो प्रयोग यशस्वी झाला. त्याची खबर पोचण्याआधी जून 1752 मध्ये फ्रँकलिनने मुलाला, विल्यमला, बरोबर घेऊन पतंग उडवला. त्या पतंगावर वीज कोसळली असा सार्वत्रिक समज आहे, तो चूक आहे. कोसळली असती, तर पुढचं चरित्र लिहायची वेळच आली नसती. ढगांमुळे ओल्या दोरीत उतरलेला थोडा चार्ज त्याने किल्लीपाशी पाहिला. हातात दोरीच्या टोकाला बांधलेली कोरडी रेशमी फीत होती आणि ती ओली होऊ नये म्हणून तो आडोशाला उभा होता. तरीही आजच्या ज्ञानाने पाहिलं, तर हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये असाच आहे.

हे किती खरं, ते पुढच्याच वर्षी दिसलं. रशियात सेंट पीटर्सबर्गला गेओर्ग रिखमान नावाचे प्राध्यापक फ्रँकलिनच्याच कल्पनेवर काम करत होते. छतावर सळई, तिची तार घरात आणलेली आणि तिला मोजमापाचं साधन जोडलेलं. ती सळई जमिनीला जोडलेली नव्हती. 6 ऑगस्ट 1753 रोजी ढग गडगडू लागले, तसे ते अकादमीची सभा सोडून घरी धावले. बरोबर एक चित्रकार होता. रिखमान साधनावर वाकले आणि विजेचा लोळ थेट कपाळावर आला. जागच्या जागी मृत्यू. चित्रकार बेशुद्ध पडला, पण वाचला.

एक सळई घर वाचवते आणि तशीच दुसरी माणूस मारते. फरक फक्त अर्थिंगचा! फ्रँकलिनने घरांसाठी जो विद्युतवाहक सांगितला, त्याचं खालचं टोक ओल्या जमिनीत खोल जायचं. त्याची कृती त्याने 1753 च्या पंचांगात छापून सगळ्यांना फुकट देऊन टाकली. पेटंट घेतलं नाही. याच कामासाठी 1753 मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. मे महिन्यात वळवाच्या वेळी धायरीतून सिंहगडाकडे बघा. गडावरच्या दूरदर्शनच्या टॉवरमागे विजा चमकताना दिसतात. असे टॉवर उभे राहतात, ते फ्रँकलिनच्या या साध्या तत्त्वावर. आणि आपल्या तीन पिनी प्लगची मोठी पिन तोडून तो दोन पिनी सॉकेटमध्ये घुसवणारे वीर करतात ते रिखमानचं काम, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

डोळे आणि आग

पुढचं आयुष्य राजकारणात गेलं. 1776 चा अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करणाऱ्या समितीत तो होता, सुमारे नऊ वर्षं फ्रान्समध्ये वकील होता, 1787 च्या राज्यघटनेवरही त्याची सही आहे. इंग्रजांच्या बाजूने गेलेल्या विल्यमशी, म्हणजे पतंगाच्या वेळच्या त्याच मुलाशी, त्याचं नातं कायमचं तुटलं. तरुणपणी घरात गुलाम ठेवणारा हा माणूस शेवटी गुलामगिरी बंद करू पाहणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला, हेही नमूद करायला हवं.

म्हातारपणी दोन चष्मे सारखे बदलायचा कंटाळा आला, म्हणून त्याने भिंगं अर्धी कापून एकाच फ्रेममध्ये बसवली. हाच आपला बायफोकल चष्मा. डोळ्यांची किंमत त्याला कळत होती. डिस्क प्लेयर उघडणाऱ्यालाही ती कळायला हवी. सीडीच्या पिकअपमधला लेसर 780 नॅनोमीटरचा, म्हणजे जवळजवळ अदृश्य. नुसती पुसट लाल छटा दिसते, म्हणून तो मंद वाटतो आणि पापणी आपोआप मिटत नाही. डीव्हीडीचा 650 नॅनोमीटरचा लाल असतो. झाकण लावलेलं असताना प्लेयर सुरक्षित आहे, उघडल्यावर ती हमी संपते. लेन्स चालते का बघायला वरून डोळा लावू नका. बघायचंच तर हातभर लांबून, तिरकं बघा. झाकणाची इंटरलॉक पट्टी दाबून ठेवून प्लेयर उघडा चालवू नका.

आणि आग! फ्यूज उडाला की तांब्याची तार गुंडाळायची, हा निखारे फावड्यावर नेण्यातलाच प्रकार. ज्या रेटिंगचा फ्यूज होता, त्याच रेटिंगचा घाला. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज लॅम्प लावा. आत शॉर्ट असेल, तर बल्ब भगभगेल आणि बोर्ड वाचेल. एकट्याने, रात्री दोन वाजता, सबमिशनच्या झोपेत हे काम करू नका. बरोबर असणाऱ्याला मेन स्विच कुठे आहे, ते आधी दाखवून ठेवा.

लाज

17 एप्रिल 1790 रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, फ्रँकलिन फिलाडेल्फियात वारला. अंथरुणावर, म्हातारपणी. विजेशी इतकं खेळलेल्या माणसाला हे मरण मिळालं, यात थोडा दैवाचा भाग आहे, पण सगळा नाही.

टर्कीच्या प्रकारानंतर दोनच दिवसांनी, ऐन नाताळात, त्याने बोस्टनला पत्र लिहिलं होतं. झालेलं सगळं, अगदी हातावरच्या गाठीपर्यंत, बारकाईने सांगितलं. आपल्या चुकीची त्याला मनापासून लाज वाटत होती, म्हणून गवगवा करू नये अशी विनंतीही केली. पण विजेचे प्रयोग करणाऱ्या बोडॉइन नावाच्या मित्राला मात्र हे सावधगिरी म्हणून सांगावं, असं त्याने मुद्दाम कळवलं. लाज होती, तरी ज्याच्या हातात तशीच बरणी होती, त्याच्यापर्यंत माहिती पोचलीच पाहिजे, हे त्याने पाहिलं.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. शॉक बसला की पोरगं हात झटकतं, हसतं आणि गप्प बसतं. रेक्टर ओरडतील, मित्र चिडवतील, लॅबमध्ये कळलं तर जर्नलवर सही मिळणार नाही. मग तीच उघडी वायर, तोच बोर्ड आठ दिवसांनी शेजारच्या रूममधल्या पोराला भेटतो, आणि प्रत्येक वेळी नुसत्या झटक्यावर भागेलच असं नाही. स्टाफमधल्या सरांना आणि रेक्टर साहेबांनाही एक विनंती, की शॉक बसल्याचं सांगायला आलेल्या मुलाला आधी बसवून पाणी द्या, त्याला डॉक्टरकडे पाठवा, बिघडलेली वस्तू बाजूला करा. रागवायचंच असेल, तर नंतर रागवा. आधी रागावलात, तर पुढचा मुलगा येणारच नाही.

मित्रहो, दुरुस्ती जरूर करा. बोर्ड उघडल्याशिवाय इंजिनिअर होता येत नाही. फक्त हात लावण्याआधी मोजा, एक हात खिशात ठेवा, आणि कधी झटका बसलाच, तर निदान आपल्या मजल्यावरच्या बोडॉइनला त्याच दिवशी सांगा!